एएफबी पॉझिटिव्ह, पण टीबी नाही

थुंकीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत, म्हणजे स्मिअरमध्ये, ‘एएफबी पॉझिटिव्ह’ (टीबीच्या घराण्यातले जंतू दिसले) आणि त्याच थुंकीच्या जीनएक्स्पर्ट या जनुकीय चाचणीत ‘एमटीबी नॉट डिटेक्टेड’ (टीबीचा जंतू सापडला नाही), असे दोन कागद ज्यांच्या हातात पडलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. बँकेत नोकरी झाली, त्यातली शेवटची बरीच वर्षं ऑडिटमध्ये गेली. दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसल्या की मला चैन पडत नाही, आणि या आजारात ती खोड कामी आली.

खोकला दोनेक वर्षं होता. पुण्यात खोकल्याला कारणं शोधावी लागत नाहीत. आधी मेट्रोची खोदाई, मग समोरची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, गाजरगवत तर आहेच. फॅमिली डॉक्टर दर वेळी अ‍ॅझिथ्रोमायसिनचा छोटा कोर्स द्यायचे, थोडे दिवस बरं वाटायचं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दुपारनंतर अंग मोडून यायचं. वजन उतरत होतं. ब्लाउज आत घ्यायला टाकले तेव्हा शिंपी म्हणाला, ‘‘काकू, आता आत घेण्यात अर्थ नाही, नवीनच शिवा.’’ मग एका सकाळी कफात रक्ताची रेघ दिसली आणि एक्स-रे, सीटी स्कॅन, थुंकी अशी सगळी वरात निघाली.

सीटीत उजव्या फुप्फुसाचा मधला भाग आणि डावीकडचा त्याच्या जोडीचा लिंग्युला, इथल्या श्वासनलिका रुंदावलेल्या दिसल्या. याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. आजूबाजूला बारीक ठिपके होते. थुंकीचा स्मिअर पॉझिटिव्ह आला. ज्या फिजिशियनकडे गेले होते त्यांनी तो कागद पाहिला आणि त्याच संध्याकाळी एकेटी-४, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा संच, सुरू केलं. चार औषधं, सकाळी उपाशीपोटी. दुपारपर्यंत पोटात काही ठरेना.

टीबी हा आपल्याकडे 2012 पासून सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, त्यामुळे नोंद झाली आणि आरोग्य विभागातून फोन आला. आलेली मुलगी अतिशय नीट बोलली. घरात कोण कोण आहे, कुणाला खोकला आहे का, यांचा एक्स-रे कधी काढता, सगळं विचारलं. घरात चार वर्षांचा नातू आहे म्हटल्यावर त्याला प्रतिबंधक गोळ्या सुरू कराव्या लागतील असंही म्हणाली. टीबी असता तर ते बरोबरच होतं. तोवर सूनबाईंनी माझा कप-बशी वेगळी केलीच होती. मी काही बोलले नाही, पण कप पाहिला.

जीनएक्स्पर्टचा रिपोर्ट त्यानंतर आला, निगेटिव्ह. फिजिशियनना फोन केला तर उत्तर मिळालं, ‘‘मशीन आहे, चुकतं कधी कधी. गोळ्या चालू ठेवा.’’ चुकत असेलही. पण एक खातं म्हणतंय जंतू भरपूर आहेत आणि दुसरं म्हणतंय एकही नाही, तर मधे काहीतरी राहिलंय. मी फाइल उचलली आणि छातीच्या डॉक्टरांकडे गेले.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला जे सांगितलं ते इतकं सरळ होतं की आधी कुणी का सांगितलं नाही याचं नवल वाटलं. स्मिअरमध्ये काचेवर थुंकी पसरून रंग देतात, मग आम्लानं धुतात. ज्या काड्या रंग सोडत नाहीत त्या मोजतात. रंग न सोडणं हा या सगळ्या घराण्याचाच गुण आहे. मायकोबॅक्टेरियमच्या 190 हून जास्त जाती आहेत आणि टीबीचा जंतू त्यातला एक. बाकीचे बहुतेक मातीत, पाण्यात, नळाच्या पाइपात राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली माणूस ते वेगळे ओळखू शकत नाही. जीनएक्स्पर्ट मात्र फक्त टीबीच्या जंतूचा जनुकीय तुकडा शोधतं. आता आकडे बघा. स्मिअर पॉझिटिव्ह यायला एका मिलीलीटर थुंकीत साधारण 5,000 ते 10,000 जंतू लागतात. जीनएक्स्पर्टच्या जुन्या कार्ट्रिजलाही सव्वाशेच्या आसपास पुरत. म्हणजे स्मिअरला दिसण्याइतके टीबीचे जंतू असतील तर जीनएक्स्पर्टला ते सुटणं अवघड. चाचणीच बिघडली तर मशीन बहुधा ‘इनव्हॅलिड’ किंवा ‘एरर’ लिहितं, ‘नॉट डिटेक्टेड’ नाही. त्यांनी जीनएक्स्पर्ट ताज्या थुंकीवर परत केलं, पुन्हा निगेटिव्ह. मग एकेटी त्यांनी थांबवलं.

‘‘मग मला झालंय काय?’’

‘‘बहुतेक एनटीएम. पण त्यात कुठला, ते कल्चर सांगेल. तोपर्यंत औषध नाही.’’

एनटीएम म्हणजे टीबी आणि कुष्ठरोगाचे जंतू सोडून याच घराण्यातले बाकीचे सगळे. कल्चर म्हणजे थुंकीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. खोकला, रक्त, वजन आणि हातात औषध नाही, हे घरी कुणाला पटेना. ‘‘आधीच्या डॉक्टरांनी निदान काहीतरी दिलं तरी होतं,’’ असं यांचं म्हणणं. पण विचार करा, एकेटी-४ मधल्या चारपैकी दोन गोळ्या, आयसोनिआझिड आणि पायराझिनामाइड, माझ्या जंतूवर जवळजवळ काही करत नाहीत हे पुढे कळलं. उरलेल्या दोन अर्धवट काम करतात, आणि त्यामुळे थुंकीत जंतू कमी होऊन निदान आणखी धूसर होतं. आणि माझे ते अ‍ॅझिथ्रोमायसिनचे कोर्स! या आजारात अ‍ॅझिथ्रोमायसिन हा मुख्य खांब आहे आणि तो कधीच एकटा द्यायचा नसतो, कारण एकट्याला जंतू लवकर दाद देईनासा होतो. मॅडमनी फाइलमधल्या जुन्या चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा त्या जरा वेळ गप्प झाल्या. ‘‘रेझिस्टन्स आला नसेल अशी आशा करू,’’ एवढंच म्हणाल्या. सर्दी-खोकल्याला हे औषध किती सहज मिळतं हे पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या दुकानात उभं राहून बघा.

आता थुंकीबद्दल. किळस वाटेल, पण यावर सगळं अवलंबून आहे. एक नमुना चालत नाही. पाण्यात, मातीत हे जंतू असतातच, त्यामुळे एकदा सापडला म्हणजे आजार झाला असं नाही. तो नुसता तोंडात किंवा श्वासनलिकेत आलेला पाहुणाही असू शकतो. म्हणून 2007 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी जे निकष घातले आणि 2020 च्या आंतरराष्ट्रीय सूचनांतही जे कायम आहेत, त्यांत तीन गोष्टी एकत्र लागतात: त्रास हवा, सीटीत त्याला साजेसा फरक हवा, आणि वेगवेगळ्या वेळी दिलेल्या निदान दोन थुंकींत तोच जंतू वाढायला हवा. थुंकी येत नसेल तर दुर्बीण घालून श्वासनलिका धुऊन घेतलेला एक नमुनाही चालतो. टीबीही नाही हे तर आधी पाहायचंच.

सदाशिव पेठेतल्या लॅबमधल्या मुलानं मला डबी देताना बजावलं, ‘‘काकू, सकाळी उठल्या उठल्या द्यायची. आणि आधी नळाच्या पाण्यानं चूळ भरायची नाही, उकळून गार केलेलं पाणी घ्या. नाहीतर नळातलेच जंतू आम्ही वाढवत बसू.’’ मी आदल्या रात्री तांब्याभर पाणी उकळून झाकून ठेवायची. सकाळी तीन टक्के सलाइनची वाफ नेब्युलायझरनं घ्यायची, म्हणजे कफ सुटतो. मग गॅलरीत उभी राहून खोल श्वास, खोकला, आणि घशातली लाळ नव्हे तर छातीतला दाट पिवळसर कफ डबीत. झाकण फिरवून घट्ट केलं की वर नाव आणि तारीख. समोरच्या गॅलरीतल्या जोशीकाकूंना पहिल्यांदा वाटलं मी प्राणायाम करतेय.

द्रवरूप कल्चरला, लॅबवाले त्याला एमजीआयटी म्हणतात, सहा आठवड्यांपर्यंत वेळ देतात. माझं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच पॉझिटिव्ह झालं. त्यानंतर वाढलेल्या जंतूवर एमपीटी-64 ची कार्ड टेस्ट करतात. प्रेग्नन्सी टेस्टसारखीच पट्टी. टीबीचा जंतू असेल तर रेघ उमटते. माझी उमटली नाही. बऱ्याच लॅब इथे थांबतात आणि रिपोर्टवर ‘एनटीएम’ किंवा ‘एमओटीटी’ असं लिहून मोकळ्या होतात. तो अर्धाच रिपोर्ट आहे. पुढे जातीचं नाव आलं पाहिजे, त्यासाठी लाइन प्रोब नावाची वेगळी चाचणी सांगावी लागते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. माझ्या जंतूचं नाव निघालं मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलेरी. दुसऱ्या थुंकीतही तेच. हा ‘मॅक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातला, मायकोबॅक्टेरियम एव्हियम या जंतूचा भाऊ. या गटात औषधांना दाद देतो का हे बघताना क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकासिन या दोघांचाच निकाल खरा उपयोगाचा. बाकी औषधांचे ‘रेझिस्टंट’ शेरे वाचून घाबरायचं कारण नाही. क्लॅरिथ्रोमायसिनला, म्हणजे पर्यायानं अ‍ॅझिथ्रोमायसिनला, माझा जंतू अजून दाद देत होता. त्या दिवशी येताना मी बाकरवडी घेऊन आले.

नातवाच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधीच रद्द झाल्या आणि टीबीच्या यादीतून माझं नाव निघालं. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. कप-बशी परत एकत्र आली, मला वाटतं सूनबाईंना माझ्याहून जास्त हायसं वाटलं असेल.

निदान झालं तरी लगेच औषध द्यायचं की नाही, हा वेगळा प्रश्न असतो हे मला नवीन होतं. काहींना नुसतं लक्ष ठेवतात. त्याच दवाखान्यात भेटणाऱ्या एक बाई बरीच वर्षं बिनऔषधाच्या आहेत. कफ काढतात, वजन सांभाळतात, ठरलेल्या वेळी सीटी आणि थुंकी. औषधं लांबलचक आणि त्रासाची आहेत, त्यामुळे तोलून बघावं लागतं. माझ्या बाजूनं स्मिअर पॉझिटिव्ह, वजन घटतंय, रक्त पडलंय, म्हणून पारडं औषधाकडे झुकलं. फुप्फुसात पोकळी नव्हती, त्यामुळे आठवड्यातून तीनच दिवस: अ‍ॅझिथ्रोमायसिन, एथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन. सोम-बुध-शुक्र. पोकळी असलेल्यांना हीच औषधं रोज, आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने बहुधा अमिकासिनची इंजेक्शनंही. मुळशीकडचे एक गृहस्थ आहेत, पूर्वी टीबी होऊन गेलेला, त्याच जुन्या पोकळीत हा येऊन बसला. त्यांचं तसं चालू होतं.

कर्वे रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात रिफॅम्पिसिन आणि एथॅम्ब्युटॉल मागितलं की रजिस्टर निघतं. ही औषधं शेड्यूल एच-1 मधली, तेव्हा डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून घ्यायचा नियमच आहे. दुकानदार लिहिता लिहिता मोठ्यानं विचारायचा, ‘‘टीबीचंच ना?’’ मागे रांगेत सोसायटीतलं कुणीतरी असायचंच. सुरुवातीला मी समजावून सांगायची. मग ‘‘नाही’’ म्हणून पैसे द्यायला लागले.

औषध सुरू करण्याआधी ईसीजी, कारण अ‍ॅझिथ्रोमायसिननं हृदयाची लय बिघडू शकते. कानाची ऑडिओमेट्री, लिव्हरच्या तपासण्या. आणि डोळे. एथॅम्ब्युटॉल दृष्टीच्या नसेला सूज आणू शकतं, आणि त्यात कधी कधी आधी लाल-हिरव्यातला फरक जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांच्या वर्तुळांचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांनाच दिसतो, ज्यांना रंग कळत नाहीत त्यांनाही. तो चाचणी समजली की नाही हे बघायला असतो. मी तो वाचून जी खूश झाले, तर त्या हसल्या आणि पान उलटलं. पुढची पानं सोपी नव्हती, पण सगळे आकडे निघाले. घरी रोज एकेक डोळा झाकून पेपरातली बारीक अक्षरं वाचायची सवय त्यांनी लावली. एका डोळ्याला फिकट दिसलं तर त्या दिवसापासून गोळी बंद आणि थेट त्यांच्याकडे, हे बजावून.

रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते हे आधी सांगितलेलं होतं, तरी पहिल्यांदा दचकायला होतंच. माझ्या पोटाला ते आतापर्यंत मानवलेलं नाही. आणखी एक गोष्ट मला कुणाच्या तरी लक्षात आणून द्यावी लागली: हे औषध लिव्हरला इतकं कामाला लावतं की दुसरी बरीच औषधं लवकर निचरतात. माझी अम्लोडिपिनची गोळी तीच, पण बीपी वर. मॅडमनी फिजिशियनशी बोलून गोळी बदलली. बीपी, थायरॉइड, रक्त पातळ करणारं औषध, काहीही चालू असेल तर त्याची चिठ्ठी छातीच्या डॉक्टरांसमोर ठेवा.

आता माझ्या मते गोळ्यांइतकंच, किंबहुना कणभर जास्तच महत्त्वाचं. रुंदावलेल्या श्वासनलिकेत कफ साचतो आणि त्या कफात हे जंतू घर करतात. तो रोज काढायचा. फिजिओथेरपिस्ट मुलगी तिशीचीही नव्हती. मी आयुष्यभर खोकत आले होते तशी खोकून दाखवल्यावर म्हणाली, ‘‘काकू, तुम्ही घसा खरवडताय. खोकू नका.’’ मग तिनं शिकवलं. आधी शांत श्वास. मग बरगड्या फुगतील असे खोल श्वास, वर किंचित थांबून. आणि मग तोंड उघडं ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा ‘हाऽऽ’, पण पोटातून, लांब. आधी लांब मंद ‘हा’, त्यानं खोलवरचा कफ वर सरकतो. वर आलेला जाणवला की आखूड जोरकस ‘हा’. खोकला सगळ्यात शेवटी, एकदाच. पहिल्या आठवड्यात काही जमलं नाही. एका सकाळी तीन-चार ‘हा’ नंतर छातीत उजवीकडे काहीतरी खरखरत सरकलं आणि विनासायास बाहेर आलं, तेव्हा कळलं ती काय म्हणत होती. मधल्या भागासाठी डाव्या कुशीवर जरासं मागे कलून झोपायचं, पायाकडची बाजू उशांनी उंच करून. पण मला आम्लपित्त आहे आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुस आणखी बिघडतं, म्हणून तिनं माझ्यासाठी उतरती बाजू काढून टाकली. रात्री जेवण लवकर, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. वर्तमानपत्र वाचून कुणी करू नका, ते शिकून घ्या.

नेब्युलायझरचे कप रोज धुऊन उकळायचे, पूर्ण सुकवायचे. नळाखाली नुसते विसळले तर ज्या जंतूशी भांडतोय त्यालाच वाफेनं आत पाठवायचं.

घरातल्या बदलांचं मी फार स्तोम माजवलं नाही. खडकवासल्याचं पाणी पर्वतीला शुद्ध होऊन, क्लोरिन घालून येतं, पण या जंतूंचं कवच मेणचट असतं, क्लोरिनला ते सहज बधत नाहीत आणि पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात टिकून राहतात. शॉवरच्या बारीक तुषारातून ते श्वासात जायची शक्यता जास्त. मी शॉवर सोडून बादली-तांब्यावर आले, खिडकी उघडी ठेवते, गीझर कोमट न ठेवता कडक ठेवते. गच्चीतली बाग सोडायला सांगतील अशी धास्ती होती. मॅडम म्हणाल्या, करा, पण कुंडीची माती आणि कोकोपीट कोरडं उपसू नका, आधी भिजवा, मास्क लावा. त्या दिवसापासून कुंड्या भरायचं काम यांच्याकडे गेलं, ते मात्र मला सोयीचं पडलं. वजनासाठी अळिवाचे लाडू, दोन अंडी, रात्री दूध. ज्येष्ठ नणंदबाईंनी पाठवलेले तीन प्रकारचे काढे मी तसेच ठेवलेत. लिव्हरला आधीच पुरेसं काम आहे.

टीबीसारखी इथे सहा महिन्यांची ठरलेली मुदत नाही, आणि हे पचवायला मला सगळ्यात जड गेलं. दर एक-दोन महिन्यांनी थुंकी द्यायची. किमान चार-चार आठवड्यांच्या अंतरानं दिलेली सलग तीन कल्चर निगेटिव्ह आली की त्यातल्या पहिल्याची तारीख धरायची, आणि त्या तारखेपासून पुढे किमान बारा महिने औषध. म्हणजे सुरू करताना संपायची तारीख कुणालाच माहीत नसते. सहा महिन्यांनीही कल्चर पॉझिटिव्हच राहिलं तर श्वासावाटे घ्यायच्या अमिकासिनसारख्या पुढच्या गोष्टींचा विचार होतो. माझा खोकला औषधांच्या तिसऱ्या महिन्यात खूप कमी झाला तरी कल्चर पॉझिटिव्ह येत होतं. मग निगेटिव्ह, पुन्हा निगेटिव्ह, आणि तिसरंही. सध्या त्या बारा महिन्यांत आहे. औषध थांबल्यावरही थुंकी देत राहायची, कारण हा पुन्हा होतो, आणि माझ्यासारख्या ब्राँकिएक्टॅसिसवाल्यांत अनेकदा जुनाच उसळत नाही तर बाहेरून नवा येतो.

मला हल्ली ओळखी-ओळखीतून फोन येतात आणि बहुतेकांना प्रिस्क्रिप्शनचा फोटो हवा असतो. मी पाठवत नाही. नगरकडून येणाऱ्या एक बाई आहेत, सीटी माझ्यासारखाच, पण त्यांचा जंतू निघाला याच घराण्यातला दुसरा, अ‍ॅब्सेसस. त्याला टीबीची औषधं जवळजवळ शून्य लागू पडतात. त्यांना सलाइनमधून इंजेक्शनं काही आठवडे घ्यावी लागली आणि माझ्या तीन गोळ्यांतल्या दोन त्यांच्या काही कामाच्या नाहीत. गेल्या आठवड्यात बिबवेवाडीहून एकीचा फोन आला: स्मिअर पॉझिटिव्ह, जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह, एकेटी सुरू, थांबवू का? ते मी कोण सांगणार! त्यांना म्हटलं, डॉक्टरांना जीनएक्स्पर्ट पुन्हा करू का विचारा, आणि उद्याच लॅबला फोन करून दोन गोष्टी विचारा: कल्चर लावलंय का, आणि वाढलं तर जातीचं नाव देणार की नुसतं ‘एनटीएम’ लिहिणार. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, कल्चर लावलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या डबी घेऊन गेल्या.